प्रस्तावना : आधी काम, मग बॉडी

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. भर दुपारचं ऊन, जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे आणि त्यांत उन्हानं रापलेले चेहरे. कॅमेऱ्याचा मीटर इथे हमखास चकतो. एवढं पांढरं समोर आलं की तो प्रकाश आवरता घेतो, मग बाराबंदी मळकट येते आणि चेहरे काळवंडतात. चेहऱ्यांसाठी प्रकाश वाढवावा तर बाराबंदीचे बंद, चुण्या, शिवण सगळं जळतं, आणि एकदा जळलेलं पांढरं पुढे कॉम्प्युटरवर परत येत नाही. म्हणून जाणता फोटोग्राफर कपड्याला धरून प्रकाश ठरवतो, फोटो रॉमध्ये काढतो आणि चेहरे नंतर उजळतो. ते उजळताना सावलीत किती दाणे आणि किती पट्टे वर येतात, हे मात्र त्याच्या हातातल्या बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर असतं.

आषाढात याच जिल्ह्यात काम पार बदलतं. माळशिरस तालुक्यात पुरंदावडे आणि खुडूसला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं. अश्व सुटला की सगळा खेळ थोडक्या वेळात उरकतो. वरून पावसाची सर, खाली चिखल, आणि फोकस घोड्यावरच टिकायला हवा. मध्ये आलेल्या पताकेवर त्यानं उडी मारली की तो फोटो गेला. नान्नजच्या माळरानावर याच्या उलट. तिथे घाई नसते, अंतर असतं. काळवीट, लांडगा, गवतालगत उडणारा भोवत्या पक्षी यांच्या जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये. माळढोकासाठी राखलेल्या या अभयारण्यात माळढोक दिसणंच आता दुर्मीळ झालंय. मग लग्नसराई येते. मंगल कार्यालयात एका बाजूला एलईडी वॉल, दुसरीकडे व्हिडिओवाल्याचा लाइट, वर रंगीत पार लाइट, आणि मुहूर्त काही फोटोग्राफरसाठी थांबत नाही.

एवढ्या सगळ्या कामांना पुरून उरेल अशी एक बॉडी नाही. असली तरी तिची किंमत ऐकून बहुतेकजण चहा पिऊन दुकानातून परत येतील. या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर बॉडी सगळ्यात शेवटी ठरवायची. फोटो शेवटी कुठे जाणार, अल्बमात, वर्तमानपत्रात, कॅटलॉगात की मोबाईलच्या पडद्यावर, हे आधी. मग तो कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून काढायचा आहे, ते. त्यावरून लेन्स ठरते. आणि उरलेल्या पैशात ते काम निभावेल ती बॉडी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकते म्हणून कोणी मालदांडी ज्वारी कोकणात पेरत नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र आपण शेजारच्यानं घेतलं तेच बियाणं उचलतो.

बॉडीला एवढं महत्त्व आलं कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले फोटोग्राफर. त्या काळात काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची अशी पद्धत होती. बाहेरगावी काम असलं तर अंधारी खोलीच सोबत न्यावी लागे. पुढे सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी परदेशातून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी तो व्यवसायही केला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा स्वतःच तयार केला. हवं ते काम आधी डोळ्यांपुढे होतं, यंत्र त्यामागून आलं. मला या परंपरेतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

फिल्मच्या काळात बॉडी म्हणजे उजेड आत शिरू न देणारी पेटी. रोल कोडॅकचा असो की फुजीचा, तो साध्या बॉडीत घाला नाहीतर महागड्या. फिल्मचा दाणा आणि रंग तेच. फरक पडे तो लेन्सचा, शटरच्या भरवशाचा आणि हाताचा. सोलापूरसारख्या गावात खरी परीक्षा डार्करूममध्ये असायची. कृष्णधवल फिल्म धुण्याचं डेव्हलपर साधारण २० अंशांवर वापरायचं असतं, आणि इथे मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट येतं. ते थंड करूनच कामाला हात घालावा लागे.

डिजिटल आलं आणि फिल्म बॉडीच्या आत कायमची बसली. सेन्सर बदलता येत नाही. लग्नाला एक रोल आणि जत्रेला दुसरा, ही सोय संपली. बॉडी घेताना माणूस पुढच्या चार-पाच वर्षांची फिल्मच एकदम विकत घेऊ लागला. आजचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली केलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोंहून जड होता, त्याचा फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या एफ३ बॉडीला डिजिटल पाठ जोडून १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस कॅमेरा विकायला काढला. पण व्यवसायाचं दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९९९ च्या निकॉन डी१ ने. त्याचे जेमतेम २.७ मेगापिक्सेल ऐकून आज हसू येईल. तरीही जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला, कारण वर्तमानपत्राच्या कागदावर तीन-चार कॉलमचा फोटो छापायला तेवढे पुरत होते आणि रोल धुण्याचा वेळ वाचत होता. फोटो कुठे जाणार हे आधी बघून केलेली ही निवड होती. स्टुडिओ आणि लग्नवाल्यांना एवढ्यावर भागणार नव्हतं, ते थांबले. २००२ मध्ये कॅननचा ११ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम १डीएस आला, २००३ मध्ये ३००डी ने डिजिटल एसएलआर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला, २००५ च्या ५डी ने फुल फ्रेम तुलनेनं छोट्या बॉडीत बसवला. २००७ च्या निकॉन डी३ ने कमी उजेडातल्या कामाची व्याख्याच बदलली. तोवर फ्लॅशशिवाय मंगल कार्यालयात फोटो काढणं म्हणजे दाण्यांची रांगोळी असे.

२००८ हे वर्ष मला यांतलं सगळ्यात निर्णायक वाटतं. त्या वर्षी निकॉन डी९० आणि पाठोपाठ कॅनन ५डी मार्क टू यांनी फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आणला, आणि फोटोवाला व व्हिडिओवाला ही जुनी वाटणी पुसट होऊ लागली. त्याच वर्षी पॅनासॉनिकने जी१ हा आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा काढला. त्या वेळी व्यावसायिकांनी त्याकडे खेळणं म्हणून पाहिलं. २०१३ मध्ये सोनीने ए७ मालिकेत फुल फ्रेम मिररलेस आणला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन आपापले नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवायचे जोड, घेऊन त्यात उतरले, आणि २०२० नंतर या दोघांनी एकही नवी व्यावसायिक डीएसएलआर बॉडी काढलेली नाही. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही.

या प्रवासातून फोटोग्राफरांत काही पंथ तयार झाले. त्यांची भांडणं पाट्यावर वाटण वाटल्यासारखी रोज नव्यानं चालू असतात, पण ती नीट कळली तर निवड सोपी होते.

पहिलं भांडण सेन्सरच्या आकाराचं. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. एपीएस-सी, ज्याला आपण क्रॉप म्हणतो, तो क्षेत्रफळात त्याच्या निम्म्याहूनही कमी. मायक्रो फोर थर्ड्‌स पाव. आणि फुजीच्या जीएफएक्ससारखा मीडियम फॉरमॅट फुल फ्रेमच्या पावणेदोन पटींच्या जवळपास. सेन्सर मोठा तेवढा एका फोटोत गोळा होणारा उजेड जास्त आणि दाणे कमी. हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. नान्नजच्या माळावर ५०० मिलिमीटरची लेन्स क्रॉप बॉडीवर ७५० सारखी आणि मायक्रो फोर थर्ड्‌सवर १००० सारखी दिसते. फुल फ्रेमवर तेवढी पोच मिळवायची तर लेन्सची किंमत आणि वजन दोन्ही आवाक्याबाहेर जातात. ज्याला पक्षी टिपायचे आहेत आणि खिशात मोजके पैसे आहेत त्यानं ‘फुल फ्रेम नाही म्हणजे प्रोफेशनल नाही’ हे ऐकून सोडून द्यावं. उलट पहाटेच्या पहिल्या उजेडात लांडगा टिपायचा हट्ट असेल तर छोटा सेन्सर दगा देणार, हेही त्यानं धरून चालावं.

दुसरा वाद बारकावा की वेग, हा. त्यावर आकडेमोड करून बघावी. आपल्याकडे लग्नाचा १२ बाय ३६ इंची अल्बम चालतो. म्हणजे समोरासमोरची दोन पानं, प्रत्येकी १२ बाय १८ इंच. ३०० डीपीआयने छापायचं तर एका पानाला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीचा फोटो ६००० बाय ४००० असतो. पूर्ण पानभर एकच फोटो लावला तरी तो पुरून उरतो, आणि आपल्या अल्बमात पानावर एकच फोटो कितीदा असतो? मग ४५ मेगापिक्सेलचा हट्ट धरून लग्नवाला काय मिळवतो? दुपटीच्या आसपास जड फाइली, भरलेल्या हार्ड डिस्क आणि सीझनमध्ये रात्र रात्र कुंथणारा कॉम्प्युटर. लग्नासाठी मी डोळे झाकून २४ च्या घरातली बॉडी सुचवीन, पण दोन कार्डांची, म्हणजे एक कार्ड दगावलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतो. तेलुगू पद्धतीच्या लग्नात वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, मराठी लग्नात अंतरपाट सरतो. हे परत करून दाखवा म्हणता येत नाही. २०१८ मध्ये निकॉनच्या झेड६ आणि झेड७, तसंच कॅननच्या ईओएस आर, या तिन्ही नव्या बॉड्यांना कार्डाची एकच खाच होती. व्यावसायिकांनी तेव्हा ओरड केली ती उगाच नव्हे.

जास्त पिक्सेल खरोखर कुठे लागतात, याचं उत्तर सोलापूरकराच्या पायाशी आहे. चादर, टॉवेल आणि शाळांचे गणवेश हे या शहराचे धंदे, आणि त्यांच्या कॅटलॉगचे फोटो इथल्याच स्टुडिओंत निघतात. कापड विणलेलं असतं, म्हणजे त्यावर बारीक उभ्या-आडव्या ओळी असतात. सेन्सरवरही पिक्सेलच्या ओळी असतात. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की कापडावर नसलेले इंद्रधनुषी पट्टे फोटोत उमटतात. याला मॉरे म्हणतात. राखाडी गणवेशावर असे जांभळे-हिरवे पट्टे आले की गिऱ्हाईक म्हणतं, आमचा माल असा नाहीच. आणि ते खरंच असतं. जुन्या बॉड्यांत सेन्सरपुढे एक पातळ चाळणी असे, ती बारकावा जरा मऊ करून हे पट्टे थोपवी. २०१२ मध्ये निकॉनने डी८००ई मध्ये तिचा परिणाम रद्द केला आणि त्यानंतर धारदार फोटोच्या नादात अनेक कंपन्यांनी ती काढूनच टाकली. उपाय असा, की पिक्सेल इतके बारीक हवेत की धागा त्यांना सहज सुटा दिसावा. किंवा चाळणी असलेली बॉडी घ्यावी. नाहीतर अंतर बदलून, एफ १६ पर्यंत छिद्र बारीक करून पाहावं. चादरीचा फोटो काढणाऱ्याला सेकंदाला ३० फ्रेमचा काडीचा उपयोग नाही. त्याला ४५ किंवा ६० मेगापिक्सेल, मजबूत ट्रायपॉड आणि रंग अचूक येण्यासाठी कलर कार्ड हवं.

वेगाच्या पंथाचा अनुभव रिंगणात आणि लेझीमात येतो. बहुतेक मिररलेस बॉड्यांत दोन शटर असतात, एक यांत्रिक आणि एक इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक शटरचा आवाज होत नाही, वेगही भरपूर मिळतो. पण साधा सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो. तेवढ्या वेळात लेझीम पुढे सरकते आणि सरळ दांडा फोटोत धनुष्यासारखा वाकतो, घोड्याचे पाय तिरके येतात. सोनीने २०१७ च्या ए९ मध्ये स्टॅक्ड सेन्सर आणून हे वाचन फार वेगवान केलं. झेड९ ने त्यापुढे जाऊन यांत्रिक शटरच काढलं. २०२३ अखेरच्या ए९ थ्री मध्ये ग्लोबल शटर आलं, म्हणजे सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचल्या जातात. त्याची किंमतही मोजावी लागते: त्याचा सगळ्यात कमी आयएसओ २५० आहे आणि सावलीतली सफाई थोडी घटते. बाराबंदीच्या उन्हात मी तो नेणार नाही. अकलूजच्या रिंगणात मिळाला तर सोडणार नाही. साधी मिररलेस असेल तर रिंगणात मुकाट यांत्रिक शटर लावावं, तेवढ्यानं पुष्कळ भागतं.

मंगल कार्यालयातल्या उजेडाचा त्रास तर या दहा वर्षांतला आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणून तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, त्यापुढचा काळपट. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की हे थांबतं, आणि आता पुष्कळ बॉड्यांत उजेडाच्या ठोक्याशी शटर जुळवणारी सोयही असते. एलईडी वॉल आणि सजावटीचे दिवे मात्र स्वतःच्याच वेगानं लुकलुकतात. त्यांच्यापुढे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की नवरीच्या शालूवर आडवे पट्टे पडतात. काही वरच्या बॉड्यांत शटरचा वेग दशांशापर्यंत सरकवून हे पट्टे घालवता येतात. माहितीपत्रकात ही गोष्ट खालच्या बारीक अक्षरांत असते. आमच्या गावच्या लग्नात ती मेगापिक्सेलहून मोठी आहे.

माउंटचा वाद पुढे पुढे धर्मासारखा होतो, पण त्याच्या मुळाशी पैसा आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षं चालते. म्हणून बॉडी घेताना आपण खरं तर लेन्सच्या एका कुटुंबात सोयरीक जुळवत असतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. त्यांच्या लेन्स अॅडॉप्टर लावून नव्या बॉडीवर बसतात, मात्र सारख्या नाही. कॅननच्या ईएफ लेन्स नव्या आरएफ माउंटच्या बॉडीवर उत्तम चालतात. निकॉनच्या जुन्या डी मालिकेतल्या लेन्सना बॉडीतल्या मोटरचा आधार लागतो आणि निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही. तिथे फोकस हातानं करावा लागतो. आपल्याकडे अनेक स्टुडिओंत अशा लेन्स कपाटात आहेत. सोनीने आपला माउंट इतर कंपन्यांसाठी लवकर मोकळा केला, त्यामुळे सिग्मा-टॅमरॉनच्या परवडणाऱ्या लेन्स त्याला भरपूर मिळतात. कॅननने आरएफचं दार दीर्घकाळ बंद ठेवलं आणि २०२४ मध्ये क्रॉप बॉड्यांपुरतं किलकिलं केलं. ज्याच्याजवळ लेन्स नाहीत त्याला हा मुद्दा ब्रँडच्या नावापेक्षा महत्त्वाचा. आणि रंगांबद्दल, म्हणजे कॅननची स्किन टोन, सोनीचा हिरवा वगैरे, जे ऐकू येतं ते रॉमध्ये काम करणाऱ्यानं फार मनावर घेऊ नये. जेपीजी सरळ गिऱ्हाइकाला देणाऱ्यानं घ्यावं.

शैली म्हणून आपण जे म्हणतो ते बरंचसं अंतरातून येतं. वारीचंच बघा. संदेश भंडारे यांनी वारकऱ्यांमध्ये मिसळून वारी टिपली. उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या २०११ च्या पुस्तकात तीच वारी आकाशातून दिसते. एकाला माणूस बुजू नये अशी लहान, हलकी बॉडी सोयीची. दुसऱ्याला थरथरत्या हेलिकॉप्टरमधून वेगवान शटर आणि मोठा बारकावा. सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम आणि गौतम राजाध्यक्षांची कलावंतांची पोर्ट्रेट ही दोन्ही माणसांचीच छायाचित्रं; पण एकात उजेड जिथे असेल तिथून घ्यायचा, दुसऱ्यात तो हवा तसा रचायचा. उजेड रचणाऱ्याला फार वरचा आयएसओ लागत नाही, फ्लॅशशी जुळणारं शटर लागतं.

हे पुस्तक आत्ताच का? एक तर डीएसएलआरचा काळ सरतोय आणि सेकंडहँड बाजारात उत्तम बॉड्या निम्म्याहून कमी भावात पडून आहेत. निकॉन डी८५० किंवा डी५०० आजही नान्नजच्या माळावर कुणापुढे मान खाली घालणार नाहीत. डी८५० एका चार्जवर १८४० फोटो देईल असं निकॉनची पुस्तिका सांगते, पहिल्या झेड६ साठी तोच आकडा ३१० होता. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त देतात, पण गावाबाहेर दिवसभराच्या कामाला निघालेल्यानं हा फरक लक्षात ठेवावा. दुसरीकडे, कॅमेरा हप्त्यांवर मिळू लागल्यापासून पोरं पहिली ऑर्डर यायच्या आधीच कर्जात बसतात. तिसरं म्हणजे रील. गिऱ्हाइकाला लग्नाच्या रात्रीच मोबाईलवर उभा व्हिडिओ हवा असतो, त्यामुळे निव्वळ फोटोची बॉडी घेणं आता परवडत नाही. मोबाईलनं पासपोर्ट फोटो आणि वाढदिवस कधीच नेले. आता कॅमेरा घेऊन पोट भरायचं तर मोबाईलला न जमणारं काम करावं लागतं, आणि ते काम म्हणजे वर सांगितलेले हेच अवघड उजेड आणि हीच अंतरं.

त्यात आपलं ऊन. बहुतेक बॉड्यांच्या पुस्तिकेत कामाचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे ऐन लग्नसराईत आपण पुस्तिकेच्या बाहेर काम करत असतो. फोटोला सहसा काही होत नाही. लांबलचक फोर-के व्हिडिओ घेताना मात्र बॉडी तापून बंद पडू शकते. २०२० मध्ये कॅनन आर५ आल्या आल्या याच कारणानं गाजली. पंखा असलेली बॉडी, सावली, एक जास्तीची बॅटरी आणि बंद मोटारीत कॅमेरा न ठेवण्याची सवय, या गोष्टी इथे चोखंदळपणा नाहीत, गरजेच्या आहेत.

पुस्तकाची मांडणी कंपन्यांप्रमाणे केलेली नाही, कामांप्रमाणे केली आहे. लग्न, जत्रा-मिरवणुका, वन्यजीव, स्टुडिओ आणि माल, वर्तमानपत्र, प्रवास अशी कामं घेऊन प्रत्येकात शेवटच्या छापील किंवा पडद्यावरच्या फोटोपासून मागे येत येत बॉडीपर्यंत पोचायचं, ही रीत सगळीकडे पाळली आहे. मॉडेलची नावं आहेत, पण उदाहरणं म्हणून; ती जुनी होतील, ती निवडण्यामागचं कारण जुनं होणार नाही. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या छापून होईपर्यंत बदलतात. ड्रोन, पाण्याखालची फोटोग्राफी आणि सिनेमाचे कॅमेरे सोडले आहेत; त्यांचे नियम आणि खर्च वेगळे आहेत. शब्द दुकानात आणि स्टुडिओत चालतात तेच वापरले आहेत. सेकंडहँड खरेदीवर मात्र हात आखडता घेतलेला नाही, कारण आपल्यातले बहुतेकजण पहिली चांगली बॉडी तशीच घेतात. शटर काउंट, सेन्सरवरचे डाग, ढिला माउंट, बिल नसलेला आणि कंपनीची वॉरंटी लागू नसलेला ग्रे माल, हे सगळं तिथे सावकाश पाहिलं आहे.

वाचकांना एक विनंती. पुस्तक पुरतं वाचून झाल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि जमलं तर स्वतःची लेन्स घेऊन जा. एखादा पांढरा कपडा उन्हात धरून, एखादा चेहरा दुकानातल्या एलईडीखाली आणि एक घडी केलेली चादर जवळून, असे फोटो त्या बॉडीनं रॉमध्ये काढा. छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतात. ते कार्ड घरी आणा, फोटो मोठे करून बघा आणि दुसऱ्या दिवशी ठरवा.